टँकर आला नाही, ही बातमी आहे का?

पहाटे पावणेसहा

ट्रान्समीटर सुरू करायच्या आधी बॅटऱ्या बघायच्या, हा आमच्याकडचा पहिला शिरस्ता. उन्हाळ्यात माणदेशात रात्रीच्या विजेचा भरवसा नाही. यूपीएस रात्रभर किती ओढला गेला हे कळल्याशिवाय सहाचं प्रसारण हाती घेता येत नाही. आज बॅटऱ्या ठीक आहेत. कळ दाबली, पंखा घुमला, पॉवरचा आकडा जागेवर आला.

आमच्या सामुदायिक रेडिओची परवानगी 100 वॅट प्रभावी शक्तीची आणि मनोरा जास्तीत जास्त 30 मीटर उंचीचा. सपाट रानात आवाज दहा-बारा किलोमीटर जातो. डोंगर आडवा आला की मागची वस्ती तुटली. या एवढ्या टापूतली वीस-बावीस गावं आणि त्यांच्या वाड्यावस्त्या हे आमचं जग. केंद्र एका स्वयंसेवी संस्थेचं, दोन खोल्यांचं. पगारी माणसं मोजकी. बाकी कार्यक्रम करणारी मंडळी म्हणजे गावोगावच्या बाया, कॉलेजची पोरं, एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक आणि एक मेंढपाळ आबा, जे वर्षातले निम्मे महिने कळपामागं असतात आणि परत आले की थेट स्टुडिओत येऊन बसतात. मी इथली कार्यक्रम समन्वयक.

सहाला सुरुवातीची धून, तिथी, हवामान, मग काल संध्याकाळी बाजार समितीकडून आलेले डाळिंबाचे आणि शेळ्या-मेंढ्यांचे भाव. त्यानंतर पशुधनवाल्या तात्यांचा पाच मिनिटांचा निरोप: पावसाळा तोंडावर आलाय, मेंढरांना आंत्रविषाराची लस आत्ताच टोचून घ्या, कोवळं गवत खाल्ल्यावर पळापळ करू नका. तात्या हे कागद न बघता बोलतात. कागद बघून बोलले की ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

सकाळी सात

आकाशवाणीचं प्रादेशिक बातमीपत्र. हे आम्ही जसंच्या तसं लावू शकतो किंवा आपल्या बोलीत आणून सांगू शकतो. स्वतःच्या बातम्या मात्र द्यायच्या नाहीत. दिल्लीत काय झालं, मुंबईत काय झालं, ते आमच्या माणदेशी बोलीत सांगायला परवानगी आहे; शेजारच्या गावच्या ग्रामसभेत काल काय झालं, ते बातमी म्हणून सांगायला नाही.

ही बंदी फक्त आमच्यासारख्या छोट्यांवर आहे असं नाही. 2001 साली बेंगळुरूत पहिलं खासगी एफएम केंद्र सुरू झालं तेव्हापासून खासगी रेडिओलाही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. वर्तमानपत्राला येतात, दूरचित्रवाणीला येतात, मोबाइल हातात असलेल्या कुणालाही येतात. फक्त रेडिओला नाही. बातम्यांच्या वाहिन्यांनी रात्रंदिवस घराघरांत गदारोळ केला तरी चालतो, पण शंभर वॅटच्या केंद्रावरून गावच्या शाळेत शिक्षक नाहीत हे सांगितलं की कायदा आडवा येतो. याचं समाधानकारक कारण मला आजवर कुणी दिलेलं नाही. 2013 साली 'कॉमन कॉज' या संस्थेनं हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. शेजारच्या नेपाळमध्ये 1997 साली काठमांडूत रेडिओ सगरमाथा सुरू झाला. तिथली सामुदायिक केंद्रं बातम्या देत आली आहेत आणि 2015 च्या भूकंपात लोकांना धीर आणि माहिती पोचवायला हीच केंद्रं कामी आली.

सकाळी नऊ

बैठक. चहा, दिवसाची यादी आणि टेबलावर आलेले कागद. ग्रामपंचायतींच्या सूचना, शाळाप्रवेशाच्या तारखा, लसीकरणाचे दिवस, हरवलेल्या दोन शेळ्या, एक लग्न पुढं ढकललं गेल्याचा निरोप. या सगळ्याला प्रसारणात जागा आहे. मोठ्या माध्यमांना हे किरकोळ वाटेल. ज्याच्या शेळ्या हरवल्यात त्याला विचारा.

आज एक कागद महत्त्वाचा आहे: टँकरचं वेळापत्रक. कोणत्या वाडीला दिवसाला किती खेपा मंजूर, कोणत्या विहिरीवरून भरणार, कोणत्या वेळेला सोडणार. टंचाईच्या काळात माणशी दिवसाला 20 लिटर पाणी हा सरकारी हिशेब. त्यावर खेपा ठरतात. कागद प्रशासनाकडून आलेला आहे, म्हणून तो वाचता येतो. नियमच तसा आहे. पाणीपुरवठा, वीज, नैसर्गिक आपत्ती, साथीचे इशारे, परीक्षांचे निकाल, नोकरीच्या संधी, यात्रा-जत्रा हे बातमीत मोडत नाही. मात्र पाण्या-विजेची घोषणा स्थानिक प्रशासनानं दिलेली हवी. हे शेवटचं कलम मी नव्या माणसांना पहिल्या दिवशी समजावून सांगते. कारण पुढं सगळं तिथंच अडतं.

सकाळी दहा चाळीस

फोन वाजला. स्टुडिओच्या बाहेरचा, श्रोत्यांसाठीचा.

"ताई, मी वस्तीवरनं बोलतीया. चार दिस झालं, टँकर न्हाय आमच्याकडं."

"मावशी, कोणती वस्ती? ओढ्याच्या अलीकडची का पलीकडची?"

"पलीकडची. अलीकडं येतोय की. तिथनंच माघारी वळतोय. रस्ता न्हाय म्हनतोय डायवर."

मी लिहून घेते. शेवटची खेप कधी आली, टाकी कुठं आहे, घरं किती, जनावरं किती, ग्रामसेवकांना सांगितलं का, सांगितलं तर कधी. मावशी सगळं सांगतात. आवाज रेकॉर्ड करतेय हे मी आधीच सांगितलेलं असतं, त्याला त्यांनी हो म्हटलेलं असतं.

आता करायचं काय? 'आज टँकर येणार' हे मी सांगू शकते, कारण ते कागदावर आहे. 'चार दिवस टँकर आला नाही' हे प्रशासनानं दिलेलं नाही, ते मावशींनी दिलेलं आहे. ही बातमी आहे का? वर्तमानपत्राच्या भाषेत नक्कीच आहे. मावशींना ती बातमी वाटत नाही, त्यांना तो हंड्याचा प्रश्न वाटतो. आणि परवानगीच्या करारात या दोहोंमधली रेघ कुठं आहे हे कुणी नेमकं आखून दिलेलं नाही. रेघ धूसर असली की छोट्या संस्था तिच्यापासून चार हात लांब राहतात. परवानगी रद्द झाली तर पुन्हा अर्ज, पुन्हा गृह, संरक्षण, दूरसंचार अशा खात्यांच्या मंजुऱ्या, पुन्हा वर्षानुवर्षांची वाट. रेडिओवर कात्री कुणी येऊन चालवावी लागत नाही. ती आधीच आमच्या मनात चाललेली असते. माध्यमांच्या खुलेपणाबद्दल बोलताना ही गोष्ट सर्वांत आधी बोलली पाहिजे असं माझं मत आहे.

ग्रामसेवकांना फोन केला. ते दुसऱ्या गावी आहेत, बघतो म्हणाले. पंचायत समितीत पाणीटंचाईचं टेबल सांभाळणाऱ्यांना केला. "खेपा नियमित आहेत, आमच्याकडं नोंद आहे." तीही तारीख-वेळ घालून लिहून ठेवली.

मग जे करता येतं ते केलं. अकरा वाजता टँकरचं वेळापत्रक वाचलं. घाईनं नाही; वाडीवार, वस्तीवार, खेपांच्या आकड्यांसकट, दोनदा. ओढ्यापलीकडची वस्ती: रोज एक खेप, सकाळी नऊ. पुढं एवढंच म्हटलं की आपल्या वस्तीची मंजूर खेप ही आहे. काही अडचण असेल तर ग्रामपंचायतीत लेखी द्या, पोच घ्या आणि आम्हालाही कळवा.

कागदावरची खेप मोठ्यानं वाचली की प्रत्येक घर ती आपल्या रिकाम्या पिंपाशी ताडून बघतं. आपल्याला खेप मंजूर आहे हेच अनेकांना ठाऊक नसतं. टँकर हा मेहेरबानी म्हणून येतो असं वाटत असतं. पंधरा मिनिटांत आणखी दोन वाड्यांवरून फोन आले. एकीकडं खेप येते पण निम्मी, दुसरीकडं वेळ रात्रीची आहे आणि बाया अंधारात थांबतात. सगळं वहीत उतरवलं. आम्ही बातमी दिली नाही. प्रशासनाचाच कागद वाचला.

दुपारी साडेबारा

केंद्रात आलेला प्रत्येक जण कधीतरी विचारतो की ही परवानगी तुम्हाला मिळाली कशी. आज बारामतीकडच्या एका कॉलेजची मुलं आली आहेत, पत्रकारिता शिकणारी. त्यांना मी सुरुवात क्रिकेटपासून करून देते.

1993 साली हिरो कपचे सामने होते. त्यांचं प्रक्षेपण कुणी करायचं यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात वाद झाला. सरकारच्या हातात 1885 चा टेलिग्राफ कायदा होता, इंग्रजांचा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 9 फेब्रुवारी 1995 ला निकाल लागला. त्या पीठावर आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारचीच मक्तेदारी असू शकत नाही आणि त्यांचा वापर लोकांच्या हितासाठी, सार्वजनिक यंत्रणेच्या देखरेखीखाली झाला पाहिजे, असं तो निकाल सांगतो. सावंतसाहेब पुढं प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झाले, निवृत्तीनंतर पुण्यात राहून अखेरपर्यंत सार्वजनिक प्रश्नांवर बोलत राहिले. आमच्या भिंतीवर त्यांचा फोटो आहे.

मुलांना वाटतं, निकाल लागला म्हणजे दुसऱ्या दिवशी रेडिओ लोकांचा झाला. तसं झालं नाही. निकालात दोन वाटा होत्या: सरकारच्या हातून सोडवून बाजाराला देणं आणि सरकारच्या हातून सोडवून लोकांना देणं. पहिली वाट लगेच रुंद झाली. उपग्रह वाहिन्या तर 1991-92 पासूनच आकाशातून उतरत होत्या. एफएमचे लिलाव झाले, शहराशहरांत केंद्रं वाजू लागली. दुसऱ्या वाटेला 2002 साल उजाडलं, तेही फक्त विद्यापीठं आणि शिक्षणसंस्थांसाठी. चेन्नईचं अण्णा एफएम 2004 चं. स्वयंसेवी संस्थांना दार उघडलं ते 2006 च्या नोव्हेंबरात.

तोवर तेलंगणातल्या जहीराबादजवळ, पस्तापूरच्या परिसरातल्या दलित बायांनी काय केलं, ते मी मुलांना नेहमी सांगते. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघांतल्या या बाया. युनेस्कोच्या मदतीनं स्टुडिओ उभा राहिला, आवाज मुद्रित करायला त्या शिकल्या, पण प्रसारणाला परवानगी नाही. म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं बियाण्यांवर, भरडधान्यावर, औषधी पाल्यावर, आपल्या गाण्यांवर कॅसेटी भरल्या आणि त्या गावच्या बैठकांत लावून ऐकवल्या. 2008 च्या ऑक्टोबरात 'संघम रेडिओ' हवेत गेला. हवा मिळण्याआधी त्यांच्याकडं सांगण्यासारखं एवढं साठलेलं होतं. आपल्याकडं 1920 च्या 31 जानेवारीला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, त्याआधी 1877 ला कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' काढला, तेव्हाही छापखाने होते, वर्तमानपत्रं होती. नव्हती ती यांच्या बाजूची जागा. पर्यायी माध्यम कशाला म्हणायचं असं मुलं विचारतात तेव्हा मी ही दोन नावं घेते आणि संघम रेडिओ त्यांच्याच शेजारी ठेवते.

दुपारी दोन

हिशेब. हा तास मला आवडत नाही, पण तो टाळून केंद्र चालत नाही.

तासाला 12 मिनिटं जाहिरात करता येते; 2024 च्या सुधारणेआधी सातच मिनिटं होती, अगदी सुरुवातीला पाच. सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना 74 रुपये. ऐकायला बरं वाटतं, पण बारा मिनिटं भरायला जाहिराती हव्यात. आमच्याकडं बी-बियाण्यांचं दुकान, पतसंस्था, मंगल कार्यालय आणि दिवाळीत कापडवाले. प्रायोजित कार्यक्रम केंद्र-राज्य सरकारचे किंवा लोकहिताची माहिती देणाऱ्या संस्थांचेच घेता येतात. आमच्याकडं मोठा पैसा येतो तो सरकारकडूनच, आणि ज्या यंत्रणेला प्रश्न विचारायचे तिच्याच योजनेची जाहिरात आमची पगारपत्रकं भरते. मी या पैशाच्या विरोधात नाही. लसीकरणाची माहिती सांगून पैसे मिळाले तर त्यात वाईट काय? पण तेवढ्यावरच केंद्र उभं राहिलं तर एक दिवस वेळापत्रक वाचतानाही आवाज खाली येईल. म्हणून गावांकडून वर्गणी घेतो. रक्कम छोटी असते. पण वर्गणी दिलेला माणूस चूक दिसली की फोन करून खडसावतो, आणि तो हक्क त्याला वाटला पाहिजे.

देशात आज अशी केंद्रं पाचशेच्या घरात आहेत. एवढ्या मोठ्या देशाला हा आकडा फार लहान आहे.

दुपारी साडेतीन

गाडीवरून वस्तीवर. ओव्या मुद्रित करायच्या आहेत. ओव्यांचं मोठं काम आपल्याकडं हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी केलं. महाराष्ट्रभरच्या गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि पी. साईनाथ यांच्या 'पारी' या संकेतस्थळानं त्या आता लोकांसमोर आणल्या आहेत. आमचं काम त्या मानानं छोटं. पण इथल्या आक्कांची ओवी इथल्याच रेडिओवर, संध्याकाळी त्यांच्याच घरात वाजते.

जात्याची घरघर मोठी असते. माइक जात्याशेजारी धरला तर ओवी बुडते, तोंडाजवळ धरला तर आक्का अवघडतात. आमची मुद्रण करणारी पोरगी, बारावी झालेली, तिनं उपाय काढला आहे: जात्याखाली दुमडलेलं पोतं, माइक आक्कांच्या उजव्या खांद्यामागं, वाऱ्यासाठी वर फोमचं टोपडं, आणि पहिल्या दोन-तीन ओव्या मोजायच्याच नाहीत. तेवढ्यात आक्का माइक विसरतात. बांगड्या काढा असं ती कधी म्हणत नाही. बांगड्यांचा आवाज राहू दे म्हणते, तो काढला तर हात कुणाचा हे कळणार नाही. ही पोरगी दोन वर्षांपूर्वी चारचौघांत तोंड उघडत नव्हती. आता माझ्या कार्यक्रमातलं लांबलेलं बोलणं ती मला न विचारता कापते, आणि बरोबर कापते.

आक्कांनी आज दुष्काळाच्या ओव्या गायल्या. चारा छावणीच्या, 1972 च्या खडी फोडण्याच्या कामाच्या. एक ओवी टेंभू योजनेच्या पाण्याची होती, जे कालव्यानं खालच्या शिवारात पोचलं आणि यांच्या माळावर चढलं नाही. ही ओवी आम्ही लावणार आहोत. ओवीला कुणी बातमी म्हणत नाही.

संध्याकाळी साडेपाच

तालुक्यात यूट्यूब चॅनल चालवणारा एक पोरगा आला. हातात काठीला लावलेला माइक, खिशात दोन फोन. तो ओढ्यापलीकडच्या वस्तीवर जाऊन आलाय. रिकाम्या टाकीचं, वळून जाणाऱ्या टँकरच्या चाकोरीचं चित्रण त्याच्याकडं आहे. रात्री टाकणार म्हणाला. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

या पोरांबद्दल शहाणी माणसं नाक मुरडतात. ज्याची जाहिरात त्याची बाजू, असं काही जण करतात हे खरं आहे. पण हा पोरगा उन्हात सहा किलोमीटर जाऊन आला, जिथं जिल्ह्याच्या वर्तमानपत्राचा वार्ताहर गेलेला नाही. त्याची अडचण वेगळी. त्याचं चित्रण कुणाला दाखवायचं ते एक परदेशी कंपनी ठरवते, आणि वस्तीवरच्या ज्या बायांचं ते आहे त्यांच्यातल्या निम्म्या जणींकडं तसा फोनच नाही. त्यांच्याकडं बटणांचा फोन आहे. इअरफोनची तार लावली की तीच अँटेना होते आणि एफएम लागतं. नव्या फोनमधून ही सोय नाहीशी होत चालली आहे. 2023 साली केंद्र सरकारनं कंपन्यांना ती चालू ठेवायची सूचना केली.

मी त्याला वहीतल्या तारखा आणि मंजूर खेपांचा आकडा दिला. त्यानं मला टाकीपर्यंतचा रस्ता नेमका कुठं खचलाय ते सांगितलं. ही देवाणघेवाण आमच्यात बऱ्याच दिवसांची आहे.

मग गटविकास अधिकाऱ्यांना फोन. उद्या संध्याकाळी सातला 'पाण्याचं बोलू' हा श्रोत्यांच्या फोनचा कार्यक्रम आहे. टंचाईचे नियम, खेपा कशा ठरतात, तक्रार कुठं द्यायची, हे तुमच्याकडून लोकांना ऐकायचंय. खचलेला रस्ता आणि वहीतले फोन, हेही सांगून टाकलं. अचानक कोंडीत पकडून उत्तर मिळत नाही, मिळते ती फक्त खळबळ. तयारीनं आलेला अधिकारी काहीतरी कबूल करून जातो आणि ते वीस गावांनी ऐकलेलं असतं. बाई नव्यानं बदलून आल्यात. थोडं थांबून येते म्हणाल्या. तासाभरानं त्यांच्याच कार्यालयातून फोन आला की उद्या सकाळी उपअभियंता रस्ता बघायला जातील.

रात्री पावणेनऊ

शेवटचं गाणं लागलंय. दिवसभराचं प्रसारण दोन डिस्कवर उतरवायचं. तीन महिने जपून ठेवायचा नियम आहे. आम्ही ओव्या आणि श्रोत्यांचे फोन कायमचे ठेवतो. उद्याची यादी सल्लागार समितीतल्या दोघींना वाचून दाखवली. या समितीत आता निम्म्या बाया हव्यात असा नियम आहे. आमच्यात आधीपासून जास्त आहेत. एकीनं सुचवलं की अधिकाऱ्यांना पहिला प्रश्न आपण विचारायचा नाही, सकाळच्या मावशींचा आवाजच लावायचा. प्रश्न विचारणारं माणूस फोनवर आहे, उत्तर देणारं स्टुडिओत आहे. हा श्रोत्यांचा कार्यक्रम झाला. मला पटलं.

मावशींना फोन केला. टँकर अजून आला नव्हता. पोरगा मोटारसायकलवरून दोन कॅन घेऊन आला होता. आवाज लावू का विचारलं. नाव गाळून लावता येईल, असंही सांगितलं.

"नाव कशापायी गाळता? आमच्या वस्तीचं बी घ्या, माझं बी घ्या. आन् त्या सायबीनबाईस्नी इचारा, डायवर म्हनतोय रस्ता न्हाय, मग कागदावर खेप कशी हाय?"

हा प्रश्न सकाळच्या प्रश्नापेक्षा नेमका होता. पुन्हा रेकॉर्ड केला, पुढचा-मागचा खोकला काढला, फाइलला तारीख आणि वस्तीचं नाव दिलं आणि उद्याच्या यादीत सात वाजून दोन मिनिटांवर लावला.